काकवीची नदी आणि दादाची दाढ

आमच्या घरातलं युद्ध रविवारी दुपारची जेवणं उरकली की सुरू व्हायचं. पुढच्या खोलीतल्या दिवाणावर प्लायवूडची फळी पडायची, फळीवर डोंगर, झाडं, शेतं मांडली जायची आणि पोटं सुटलेले तीन बाप्ये तिच्याभोवती गुडघे टेकून बसायचे. हातात शिंप्याची टेप, खिशात ल्युडोचे फासे. फळीवर अर्ध्या पेराएवढे सैनिक, प्रत्येकजण शर्टाच्या बटणावर चिकटवून उभा केलेला. टेपनं मोजून सैनिक पुढं सरकवायचा, फासा टाकायचा, जिंकलं तर आरडाओरडा करायचा आणि हरलं तर त्याच्या दुप्पट करायचा. मध्ये एकदा चहा लागायचा. दादा जिंकला तरी तो चहा त्याची बहीण करायची, हरला तरी बहीणच करायची. ती बहीण मी.

दादा माझा थोरला भाऊ. त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, खिळे, पाइप, नळ, गेटला मारायचा ऑइल पेंट, सगळं मिळतं. तो आणि वहिनी वरच्या मजल्यावर राहतात, मी आणि आई खाली. दुसरा गडी पेठ वडगावचा, धान्याचा व्यापारी. तो जैन. कांदा-लसूण खात नाही आणि सैनिक मारत नाही. फाशात त्याचा सैनिक हरला की म्हणणार, "मेला न्हाई ओ, घराकडं गेला," आणि त्याला अलगद उचलून खिशात ठेवणार. तिसरा गडहिंग्लजचा, शाळेत मास्तर. हा एसटीनं यायचा, फौज जेवणाच्या डब्यात भरून. एकदा घरातनं निघताना डबे बदलले. आमच्याकडं झाकण उघडलं तर आत भेंडीची भाजी, आणि तिकडं त्याची बायको शेतात जेवायला बसली तर डब्यात घोडेस्वार. तिचा फोन आला तेव्हा स्पीकर लावायची गरज पडली नाही.

लढाई कुणाची कुणाशी, हे मात्र विचारायचं नाही. कोल्हापुरात शत्रू व्हायला तयार कोण आहे सांगा! पहिल्या रविवारी यावरनंच हाणामारी व्हायची वेळ आली होती. शेवटी असं ठरलं की तिघांचेही मावळेच. झेंडा तिघांचाही भगवाच. फक्त दादाचा भगवा जरा लालसर, व्यापाऱ्याचा जरा पिवळसर आणि मास्तरचा ऊन लागून विटलेला. मावळे मावळ्यांवर का तुटून पडतात याचा खुलासा आजवर कुणी केलेला नाही. आईनं एकदाच विचारलं होतं. "भावकीत असतंय तसं," असं दादा म्हणाला, आणि आईला ते लगेच पटलं.

नियम लिहिलेले कुठंच नव्हते. ते दादाच्या तोंडात होते आणि तोंडातनं बाहेर पडताना रोज वेगळे पडायचे. घोडा चिखलातनं किती जातो? दादाचा असेल तर लांब, दुसऱ्याचा असेल तर रुततो.

आता मला काय पाहिजे होतं ते सांगते. मला एक फौज पाहिजे होती. बस्स. मला त्या फळीजवळ गुडघे टेकून बसायचं होतं, फासा टाकायचा होता आणि दादाला एकदा तरी धूळ चारायची होती.

ही इच्छा काही आजची नाही. दिवाळीत आमच्या दारात किल्ला व्हायचा तेव्हापासूनची आहे. गल्लीतली सगळी पोरं दादाच्या हाताखाली. माती मी आणायची, चाळायची, तुडवायची. पोत्याच्या तुकड्यावर चिखल थापून डोंगर मी करायचा. त्यावर अळीव मी पेरायचे आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचे शिंतोडे मी मारायचे. अळीव हिरवेगार उगवले, किल्ला दिसायला लागला, की दादा हात धुऊन यायचा आणि मावळे मांडायचा. मी एक तरी मावळा मागायचे, दरवाजावरचा पहारेकरी का असेना. दादाचं एकच उत्तर. "तू डोंगर कर. लढायचं आम्ही बघतो." आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा! बाकी आमच्यात पोरीसुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, त्यामुळं बोलण्यात मी दादाच्या बरोबरीचीच होते. मावळे हातात द्यायची वेळ आली की मी एकदम पोरगी व्हायचे.

चाळिशी ओलांडली तरी तेच. उलट आता डोंगर जास्त चांगले व्हायला लागले होते, हा माझाच गाढवपणा. झाडं मी नारळाच्या शेंड्या हिरव्या रंगात बुडवून केली. जुना पंचा कापून, रंगवून त्याचं भातशेत केलं. काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे उभे लावले की ऊस तयार. गवताला सुताराकडचा भुसा. आणि डोंगरांचं तर काय सांगू! मी कवळ्या करायच्या लॅबमध्ये काम करते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, त्या मापात आम्ही पिवळं प्लास्टर ओततो, ते घट्ट झालं की अख्खा जबडा हातात येतो. त्याच्यावर कवळी बेतायची. कवळी माणसाच्या तोंडात गेली की प्लास्टरचा जबडा टाकून द्यायचा. टाकून द्यायचा! इतका दगडासारखा कडक, इतके सुंदर उंचसखल कडे असलेला माल! मी तो पिशवीत घालून घरी आणायला लागले.

दोन जबडे उलटे-सुलटे जोडले, मध्ये थर्माकोल भरला, वरनं भुसा आणि रंग मारला की सह्याद्री उभा राहतो. दाढांचे बुरूज होतात. सुळ्यांचे सुळके होतात. एका आजोबांचा जबडा तर असा होता की त्यावर काही करावंच लागलं नाही, नुसता काळा रंग फासला आणि पठार झालं. हे सगळं फक्त मला ठाऊक. त्या तिघांना वाटायचं, मी कुठनंतरी दगड आणते.

या सगळ्यात माझा लाडका किल्ला होता खिंडीचा. गोल कडा, कड्यावर बुरूज, आणि उजव्या अंगाला दोन बुरुजांमध्ये एक चिंचोळी वाट. किल्ल्यात शिरायचं तर त्याच वाटेनं. प्रत्येक लढाई शेवटी त्या खिंडीत यायची. मास्तर तिच्यावर इतका खूश की एकदा म्हणाला, "अक्का, ही खिंड निसर्गात असती तर मी तितं घर बांधलं असतं." गडहिंग्लजकडं बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून मी त्याची अक्का. मी हसून चहा ओतला. कारण तो किल्ला म्हणजे आमच्या दादाचा खालचा जबडा होता. मित्राच्या शेतात पैज लावून दातानं ऊस सोलताना दादाची एक दाढ गेली आणि तिच्या शेजारचीही हलायला लागली. दोन्ही काढल्या. खोटे दात बसवायला त्याचं माप आमच्याच लॅबला आलं. दात मी स्वतःच्या हातानं केले. ते त्यानं आठवड्याच्या आत चूळ भरताना मोरीत घालवले आणि पुन्हा करून घ्यायचा कंटाळा केला. जबडा मात्र माझ्याकडं राहिला आणि त्याचा किल्ला झाला.

मग नदीचा रविवार आला. म्हणजे आधीच्या रविवारी दादानंच टूम काढली की आता एक मोठी लढाई करायची आणि मधनं नदी पाहिजे. "पंचगंगेगत नदी पाहिजे. पावसाळ्यातली. गढूळ, तांबडी."

मी म्हटलं, "करतो. पर एक फौज मला."

"नदी तर हू दे."

"न्हाई. आधी सांग. नदी झाली की फौज देणार?"

"व्हय गं बाई, देतो!" दादा म्हणाला. मास्तरनं आणि व्यापाऱ्यानं ऐकलं. साक्षीदारांसमोर बोलला, म्हणून मी कामाला लागले.

नदीला लोक काचेगत घट्ट होणारं रेझिन ओततात, ते मी व्हिडिओत बघितलं होतं. पण रेझिनचा डबा उघडताच आई स्वयंपाकघरातनं ओरडली, असला वास घरात पुन्हा आला तर डब्यासकट तुला बाहेर काढीन. लॅबमधलं ॲक्रिलिक होतं, पण ते हिरड्यांच्या रंगाचं, गुलाबी. गुलाबी पंचगंगा कुणी बघितलीय? मी डोकं धरून ओट्याजवळ उभी होते आणि समोर फडताळात काकवीची बरणी. हातकणंगल्याच्या मावशीनं गुऱ्हाळावरनं पाठवलेली, ताजी. उन्हात धरली आणि बघतच राहिले. तोच रंग. तीच गढूळ, तांबडी झाक.

माझा हिशोब अगदी सरळ होता. रस आटवला की काकवी होते, काकवी आटवली की गूळ होतो, आणि गुळाची ढेप माणसाच्या डोक्यात घातली तर टाके पडतात. म्हणजे काकवी आणि गूळ यांच्या मध्ये कुठंतरी चकचकीत, घट्ट झालेली नदी असणारच. कोल्हापूरच्या बाईला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. मी शनिवारी काकवी कढईत घातली, आटवली, थेंब पाण्यात टाकून बघितला, आणि जरा निवल्यावर थर्माकोलात कोरून ठेवलेल्या पात्रात ओतली. आता गं बया! अशी नदी झाली, अशी झाली, की मी आईला हाक मारली. आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "एवढ्या काकवीत अख्खा महिना भाकरी खाल्ली असती." पण तीही दोनदा परत बघून गेली.

रविवारी तिघंही नदी बघून वेडे झाले. "नादखुळा!" मास्तर ओरडला. "अक्का, पानी हलतंय की गं!" पाणी हलत होतं हे खरंच होतं, पण तेव्हा मला ते कौतुक वाटलं. मी साडीचा पदर खोचला, उशी घेतली आणि फळीच्या चौथ्या बाजूला गुडघे टेकून बसले. दादानं सगळ्यांचे डबे उघडले. लालसर मावळे स्वतःपुढं, पिवळसर व्यापाऱ्यापुढं, विटके मास्तरपुढं. आणि झाकण लावलं.

"माझी फौज?" मी म्हटलं.

"अगं, आज मोठी लढाई हाय. पावणं लांबनं आलंय. आज मधीच तुला नियम शिकवत कुठं बसू? पुढच्या बारीला बघू."

"तू कबूल केलंतास."

"मग न्हाई कुठं म्हणालोय? पुढच्या बारीला म्हणालोय." आणि वर हळू आवाजात, जणू मला लाडच करतोय, "तू डोंगर लई भारी करतीस बघ. लढायचं आम्ही बघतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठले. उठताना म्हणाले, "त्या नदीत तुमची घोडी बुडू देत सगळी." आणि चहा ठेवायला गेले नाही, आत जाऊन पंखा फुल करून बसले.

शाप लागायला वेळ लागला नाही. आमची पुढची खोली पत्र्याच्या पडवीला लागून आहे, दुपारी तापते. अर्ध्या तासात काकवी सैल झाली. मास्तरनं नदीकाठाला उभे केलेले घोडेस्वार हळूहळू वाकायला लागले, आधी नमस्कार केल्यागत, मग पाणी प्याल्यागत. त्यानं एकाला उचललं तर घोडा वर आला आणि स्वार नदीतच राहिला. मग दादानं नियम काढला, की जे वाहून गेलं ते गेलं. मास्तर म्हणाला, वाहून कुठं गेलंय, चिकटलंय. मी आतनं ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

आणि मग व्यापाऱ्याचा आवाज आला. "ह्ये पूर्वेकडनं काय आलंय?"

मुंग्या! दिवाणाच्या पायावरनं रांग चढली होती, फळीच्या कडेवरनं आत शिरली होती आणि पायपुसण्याच्या उसातनं सरळ नदीकडं निघाली होती. पाठीमागं आणखी, त्यांच्या पाठीमागं आणखी. अर्ध्या पेराच्या सैनिकांना त्या मुंग्या म्हणजे मोठमोठी जनावरंच. दादानं हातात झाडू घेतला. तसा व्यापारी आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

"हात लावायचा न्हाई! एकबी मुंगी मारायची न्हाई!"

"आरं, माझी फौज खातील!"

"फौज प्लास्टिकची हाय. त्या जित्या हायत." आणि तो फळीपुढं हात पसरून उभा राहिला. मावळ्यांसाठी कधी असा उभा राहिला नव्हता. मला म्हणाला, "ताई, घरात पिठीसाखर हाय का?" मी दिली. कशी नाही देणार, इतकी मजा फुकट मिळत होती! त्यानं फळीपासून दिवाणाच्या पायावर, तिथनं उंबऱ्यावरनं, पडवीतनं, थेट परड्यातल्या शेवग्यापर्यंत साखरेची बारीक ओळ घातली आणि हात जोडून मुंग्यांना म्हणाला, "चला, आता हिकडनं या." मुंग्यांनी काय करावं? निम्म्या साखरेच्या वाटेनं शेवग्याकडं गेल्या आणि शेवग्याखालच्या साऱ्या त्याच वाटेनं घरात आल्या.

दिवे लागेपर्यंत ते तिघं पडवीत पायरीवर बसून होते आणि युद्धभूमी मुंग्यांकडं होती. आई त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "नदी बघायला मुंग्या तरी आल्या. ती केली तिला कुणी बसू दिलं न्हाई." मास्तरनं मान खाली घातली. दादा शेवग्याकडं बघत बसला.

मुंग्या गेल्यावर मी फळीवरचे सगळे डोंगर उचलले. झाडं उचलली, पंच्याचं शेत गुंडाळलं, ऊस काढला, खिंडीचा किल्ला छातीशी धरला आणि माझ्या कपाटात घालून कुलूप लावलं. दादाला सांगितलं, "डोंगर माझं हायत. आता लढा सपाटीवर."

"आम्हाला काय करता येत न्हाई व्हय डोंगर?" दादा म्हणाला.

त्यानंतरचे रविवार बघण्यासारखे होते. पहिल्यांदा त्यांनी वहिनीकडनं भांडी आणली. कुकर म्हणजे किल्ला, परात म्हणजे पठार, लाटणं म्हणजे पडलेलं झाड. मास्तर कुकरच्या पायथ्याशी फौज घेऊन बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "वर चढलो आणि शिट्टी झाली तर जबाबदारी कुणाची?" पुढच्या रविवारी दादानं दुकानातनं सिमेंट आणून डोंगर ओतला. तो इतका जड झाला की फळी मधनं वाकली आणि सगळे मावळे लढाई न करताच घरंगळत मध्ये येऊन एकमेकांवर पडले. व्यापारी म्हणाला, "बरं झालं, समेट झाला." तिसऱ्या रविवारी मास्तर आलाच नाही. शाळेचं काम आहे म्हणाला. वहिनीनं खाली येऊन मला सांगितलं की दादा जेवताना बोलत नाही.

मी म्हटलं, नको बोलू दे. पण खरं सांगते, मलाही करमत नव्हतं. लॅबमध्ये एक सुंदर जबडा आला होता, वरचा, टाळूला अशी खोल दरी, आणि तो मी पिशवीत घालून आणला आणि कपाटासमोर उभी राहिले, तर कुलूप उघडावंसं वाटेना. कुणासाठी करायचं? आणि केलं तर परत तेच ऐकायचं. मला रडू आलं. इतक्या वर्षांत आपल्याला कुणी एक बटणावरचा शिपाई दिला नाही, याचं इतकं वाईट वाटावं म्हणजे हसण्यासारखंच आहे, पण वाटलं खरं.

मग एका रविवारी सकाळी दादा जिन्यावरनं खाली आला. हातात चपलांचा खोका, आडवा, दोन्ही हातांनी धरलेला, कढी आणल्यासारखा सांभाळून. मागं वहिनी. त्यानं खोका माझ्यापुढं ठेवला.

"घे. तुझी फौज."

मी झाकण काढलं. आत गवत होतं. नुसतं गवत, हिरवंगार, दाट. मी म्हटलं, "ह्ये काय, कोथिंबीर आणलीस व्हय?"

"बाजूला करून बघ की जरा!"

गवत बाजूला केलं तर आत माणसं. दुकानातल्या अर्ध्या इंची पाइपाची टोपणं, पाइपाचं तोंड बंद करायला लावतात ती, उताणी ठेवलेली. प्रत्येक टोपणात ओली माती, मातीत पाच-पाच मावळे रोवलेले. दादानं ते स्वतः रंगवले होते. दादानं! ज्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा बारका वाटतो त्यानं! गेटला मारायचा चंदेरी ऑइल पेंट, फेटे रेड ऑक्साइडचे. रंग इतका जाड की नाक आणि हनुवटी एक झालेलं. एकाची मिशी कपाळावर होती. एकजण डोळे मिटून होता, एकाला डोळे तीन होते, आणि बाकी सगळे तिरळे, एकमेकांकडं बघत असलेले. अशी भिकार फौज मी जन्मात बघितली नव्हती. मी हसायला लागले ती थांबेचना, पोटात दुखायला लागलं.

"आणि गवत कशाला एवढं?"

"किल्ल्याला असतंय की," दादा म्हणाला. "अळीव पेरलेत. मला वाटलं थोडंसंच येतंय."

वहिनी मागनं म्हणाली, "हसू नका वन्सं. रोज दुकानाला जायच्या आधी चमच्यानं पाणी घालत होते. दोन येळा. मला हात लावू दिला न्हाई."

माझं हसू तिथंच थांबलं. माती त्यानं चाळली होती. अळीव त्यानं पेरले होते. पाणी त्यानं घातलं होतं. मावळे तेवढे माझ्यासाठी ठेवले होते. डोळ्यांना पदर लावला तर वहिनीला वाटलं मी अजून हसतेच आहे.

मी कपाट उघडलं. मास्तरला फोन गेला, तो मिळेल त्या एसटीनं उभ्यानं आला. व्यापारी पिठीसाखरेचा पुडा घेऊनच आला, म्हणाला, असू दे जवळ. दुपारी फळी पडली आणि मी उशी घेऊन चौथ्या बाजूला बसले. दादा आणि व्यापारी चालून येणार, मी किल्ला राखणार, आणि मास्तर म्हणाला, "मी अक्काकडनं. जंगल घेऊन लढणारी फौज मी पयल्यांदाच बघालोय."

सुरुवातीला मी मार खाल्ला. फासे पडेनात. दादाची लालसर फौज उसातनं आली, भातशेतातनं आली, तरी मी म्हटलं येऊ दे. कारण ती येणार कुठं? खिंडीतच. मी एक टोपण उचललं, गवतासकट, पाच तिरळ्या मावळ्यांसकट, आणि खिंडीत ठेवलं. ते टक् करून बसलं. इकडं फट नाही, तिकडं फट नाही. मापानं बेतावं तसं.

दादानं समोरनं एक मावळा घातला. गवताआडचे माझे पाच. फासा पडला, त्याचा गेला. दुसरा घातला. गेला. व्यापाऱ्याचे चार घराकडं गेले. दादा लालबुंद. नियम काढला की टोपण उचलून बाजूला ठेवता येतं. मास्तर म्हणाला, डोंगरासकट माणसं उचलणारा तू कोण लागून गेलास? मग नियम काढला की गवत जाळता येतं. आईनं आतनं सांगितलं, काडीपेटीला हात लावून बघ. शेवटी दादानं टेप घेतली, खिंड मोजली, टोपण मोजलं आणि ओरडला, "असली चिंचोळी खिंड केली कुणी? जगात असती व्हय अशी खिंड?"

नाचता येईना अंगण वाकडं! मी म्हटलं, "ती तूच केलीस."

"मी?"

"दातानं ऊस सोलताना."

त्याला काही कळेना. मी किल्ला उचलला, भुसा थोडा खरवडला आणि तिरका करून त्याच्यापुढं धरला. पिवळं प्लास्टर, एकेक दात, आणि उजवीकडं दोन दाढांची मोकळी जागा. दादा बघत राहिला. मग त्याची जीभ गालाच्या आत गेली आणि बरोबर त्या जागी जाऊन थांबली. बाहेरनं आम्हाला गाल फुगलेला दिसला.

मास्तर आडवाच पडला. व्यापारी मात्र गंभीर झाला. "म्हंजे इतके दिवस," तो म्हणाला, "आम्ही ह्याच्या तोंडातनं येजा करालतो?"

"घोडी घेऊन," मी म्हटलं.

मग दादाही हसायला लागला. मोठ्यानं, तोंड उघडून, आणि खिंड आम्हा सगळ्यांना जागेवर दिसली. त्यानं उरलेले मावळे गोळा करून डब्यात टाकले आणि म्हणाला, "हरलो. माझीच दाढ माझ्यावर उलटली." त्या दिवशी चहा त्यानं केला. साखर दुप्पट पडली होती. आम्ही प्यालो.

निघताना मास्तर घोडेस्वार डब्यात भरत म्हणाला, "पुढच्या रविवारी नवा डोंगर लागंल. ह्या खिंडीची आता भीती बसली." आणि सवयीनं तिघंही माझ्याकडं बघायला लागले. मलाही सवयीनं पिशवीतला तो वरचा जबडा आठवला. दादा कपबशा गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "डोंगर मी करतो. ती लढंल."

त्यानं केला. अख्खा आठवडा दुकान वहिनीवर टाकून केला. तो डोंगर बसलेल्या म्हशीसारखा झाला, तेही एका शिंगाच्या. मी कुणाला हसू दिलं नाही.